बाळ दगावल्यावर वॉर्डातल्या सिस्टरचं काय? पहिल्या तासापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतचा क्रम

इंदूरच्या बालरोग वॉर्डात मूल दगावलं की ड्युटीवरच्या सिस्टरांच्या वाट्याला बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट येते. एक तर काहीच होत नाही. बेड पुसला जातो, चादर बदलते आणि थोड्याच वेळात धारहून किंवा झाबुआहून रेफर झालेलं पुढचं मूल त्याच बेडवर येतं. नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सेमिनार रूममध्ये गोळा करून ‘मन मोकळं करा’ असा आग्रह होतो, दोन-चार जणी रडतात, चहा होतो आणि विषय संपला असं समजलं जातं. दोन्ही पद्धती चुकीच्या आहेत. दुसरीमागचा हेतू चांगला असला तरी तिने कधीकधी जास्त नुकसान होतं. ते का, हे टप्पा ३ मध्ये येईल.

हा लेख इन्चार्ज सिस्टरांसाठी आणि त्यांच्यावरच्या मेट्रनसाठी आहे. रुग्णालय सरकारी असो वा खासगी, मुलांचा आयसीयू असो, नवजात बाळांचा एसएनसीयू असो की रक्त चढवायचं डे-केअर, क्रम तोच राहतो. चुका होतात त्या बहुतेक क्रमाच्याच. महिन्यानंतर विचारायचे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारले जातात, आणि पहिल्या तासात करायची कामं कुणीच करत नाही.

सुरुवातीआधी: तीन त्रास वेगळे ओळखा

वॉर्डात सगळ्याला ‘टेन्शन’ म्हणतात आणि सगळ्यावर एकच इलाज सांगतात: चार दिवस सुट्टी घे, योगा कर. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली, कामाने आलेली दमछाक, म्हणजे बर्नआउट. ही महिनोन्‌महिने साचत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मान्य केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात तिला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं आहे आणि तिची तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून नीट काम होत नाही असं वाटणं. ‘सात नंबर बेड’ म्हणायचं, मुलाचं नाव घ्यायचंच नाही, हे त्या तुटकपणाचं वॉर्डातलं रूप.

दुसरी, आघाताचा ताण. याला एखादी घटना लागते, किंवा तशाच घटना पुन्हा पुन्हा बघाव्या लागणं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या निकषांत डोळ्यांसमोर झालेला हिंसक किंवा अपघाती मृत्यू येतो, आणि कामाचा भाग म्हणून अशा घटनांचे भीषण तपशील वारंवार सोसणंही येतं. वॉर्डातला प्रत्येक मृत्यू त्या निकषात बसेलच असं नाही. ते डॉक्टर ठरवतील. लक्षणांचे चार गट आहेत: घटना नको असताना मनात घुसणं, तिची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, विचार आणि भावना काळवंडणं, आणि सतत सावध, दचकतं राहणं. घटनेनंतर तिसऱ्या दिवसापासून महिन्यापर्यंतच्या तीव्र त्रासाला वेगळं नाव आहे. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा ताणाचा विकार, हे निदान महिना उलटल्यावरच होतं.

तिसरी गोष्ट कुणी मोजत नाही. काय करायला हवं होतं ते माहीत होतं, पण व्हेंटिलेटर रिकामा नव्हता, किंवा डॉक्टर वर दुसऱ्या केसमध्ये अडकले होते. ही भीती नाही, टोचणी आहे. हिच्यावर समुपदेशनापेक्षा ती उणीव वरपर्यंत कळवली गेली आणि त्याचं काहीतरी झालं, हे दिसणं जास्त उपयोगी पडतं.

एकाच सिस्टरमध्ये तिन्ही असू शकतात. अंदाजासाठी एक ढोबळ प्रश्न पुरतो: रजेवर गेल्यावर हलकं वाटतं का? दमछाक विश्रांतीने थोडी तरी उतरते. आघात मात्र सोबत घरी येतो, लग्नाच्या पंगतीतही बसतो.

> सावधान: ‘तुला पीटीएसडी झालाय’ असं कुणालाही, गमतीतसुद्धा, म्हणू नका. इन्चार्जचं काम बघण्याचं आणि पाठवण्याचं आहे, निदान करण्याचं नाही.

टप्पा १: घटना घडण्याआधीची तयारी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मूल दगावल्यावर तुमचंही डोकं चालणार नाही, तेव्हा जे ठरवायचं ते आधीच ठरलेलं हवं.

1. बदली हात ठरवा. प्रत्येक शिफ्टला शेजारच्या वॉर्डातली एक सिस्टर नावानिशी ठरलेली असावी. फोन केला की तिने अर्ध्या तासासाठी येऊन तुमचे बाकीचे पेशंट बघायचे. दोन्ही इन्चार्ज आपसांत बोलून हे ठरवू शकतात, पण मेट्रनची लेखी मान्यता घ्या. तोंडी ठरलेलं नाइटला टिकत नाही.

2. जागा ठरवा. खोली हवीच असं नाही. लिनन स्टोअर चालेल, चेंजिंग रूम चालेल. दार लागलं पाहिजे, दोन खुर्च्या आणि पाणी हवं, आणि तिथे नातेवाईक यायला नकोत. नर्सिंग स्टेशन ही ती जागा नव्हे.

3. कुणाला जास्त झळ बसेल याची मनाशी यादी ठेवा. कागदावर नको. जिचं स्वतःचं मूल त्याच वयाचं आहे ती. जी गरोदर आहे ती, किंवा जिचा गर्भपात होऊन फार दिवस झालेले नाहीत. जी नवी आहे आणि जिने अजून मूल जाताना पाहिलेलं नाही. आणि जिचं त्या मुलाशी नातं जडलं आहे ती. थॅलेसेमियाची मुलं दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला येतात, अलीराजपूर-झाबुआकडची सिकलसेलची मुलं वर्षानुवर्षं येत राहतात. ‘दीदी’ म्हणत हात पुढे करणारं मूल गेलं तर तो सिस्टरच्या घरातलाच मृत्यू असतो, फक्त तिला सुतक पाळायला मिळत नाही.

4. मृतदेहाची कामं वाटून ठेवा. नळ्या काढणं, पुसणं, गुंडाळणं, कपडे आईकडे देणं ही कामं हमखास सगळ्यात ज्युनियरवर ढकलली जातात. नियम करा: दोघींनी मिळून करायचं, त्यातली एक अनुभवी. मेडिको-लीगल केस (पोलिसांना कळवावी लागणारी) असेल तर नळ्या काढायच्या की नाहीत ते आधी डॉक्टरांना विचारायचं.

5. भाषेची सोय करा. आई भिली बोलणारी आणि सिस्टर मराठी किंवा मल्याळी घरातली असली, की मधल्या हिंदीत दोघींचंही दुःख अडकतं. वॉर्डातली कोणती मावशी किंवा कोणता वॉर्डबॉय भिली-निमाडी बोलतो ते माहीत असू द्या. बातमी डॉक्टरांनीच द्यायची, पण आईला ती तिच्या भाषेत कळली की सिस्टरवर तेच तेच सांगत राहायची वेळ येत नाही.

6. फोन नंबर लावा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मोफत फोन सेवेचा 14416 हा नंबर चेंजिंग रूमच्या दाराला आतून लावा. नर्सिंग स्टेशनवर लावलात तर तो सगळ्यांना दिसेल, पण लिहून कुणी घेणार नाही.

> तपासा: आज रात्री अडीच वाजता मूल दगावलं तर (अ) बदली कोण येईल, (आ) कुठे बसाल, (इ) मेट्रनला कोण फोन करेल? नाइटच्या सिस्टरला न बघता तिन्ही उत्तरं देता आली तरच पुढे जा.

टप्पा २: पहिला तास

डॉक्टरांनी वेळ जाहीर केली की लगेच नळ्या ओढायला लागू नका. पाऊण मिनिट थांबा. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले परिचारक जोनाथन बार्टल्स यांनी ही पद्धत रुजवली. मृत्यूनंतर टीममधल्या कुणीही सगळ्यांना थांबायला सांगायचं, या माणसासाठी आणि केलेल्या प्रयत्नांसाठी एक क्षण शांत उभं राहायचं, आणि मग कामाला लागायचं. प्रार्थना नको, भाषण नको. आपल्याकडे हे अवघड जाईल असं वाटतं, पण ‘एक मिनट रुकते हैं’ एवढं इन्चार्जने म्हटलं तरी हात थांबतात.

मग या क्रमाने:

1. बदली सिस्टरला फोन करा. बाकीच्या पेशंटचा तोंडी हँडओव्हर पूर्ण होऊ द्या. मनात गोंधळ असताना पुढच्या मुलाचा डोस काढायची वेळ कुणावर येऊ नये. मुलांचा डोस किलोमागे काढायचा असतो, आणि दशांशचिन्ह एक घर सरकलं की तो दहापट होतो.

2. केसमध्ये कोण कोण होतं ते बघा. छाती दाबणारी, ॲम्बू (हाताने श्वास द्यायची पिशवी) धरणारी, औषधं भरणारी, नोंदी घेणारी. आया आणि वॉर्डबॉयसुद्धा. पडद्यापलीकडे आईला धरून उभी असलेली मावशी नेहमी विसरली जाते.

3. पाणी द्या आणि बसवा. मृतदेहाचं काम कोण करणार ते विचारून ठरवा. ‘तू करशील का, की मी दुसरीला सांगू?’ काहींना ते शेवटचं काम स्वतःच करायचं असतं आणि त्याचा त्यांना आधार वाटतो. काहींना हात लावणं शक्य नसतं. दोन्ही ठीक.

4. त्या बेडवर नवीन ॲडमिशन आलीच, तर शक्यतो दुसऱ्या सिस्टरकडे द्या. माणसं कमी असतील तर किमान पहिली अर्धी घटका तरी.

> सावधान: या तासात ‘कुणाचं चुकलं?’ हा प्रश्न नाही, लेखी खुलासाही नाही. औषधाच्या गोंधळाची शंका असेल तर व्हायल, सिरिंज आणि चार्ट जसेच्या तसे बाजूला ठेवा, वेळा लिहा आणि वरिष्ठांना कळवा. चौकशी तिच्या ठरलेल्या वाटेने होईल. सांत्वन आणि जबाब एकाच खुर्चीत बसून घेतले तर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही.

टप्पा ३: ड्युटी संपण्याआधी दहा मिनिटं

हे बोलणं कामाबद्दल असतं. उभ्याने चालेल, दहा मिनिटांच्या वर नको. यायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. चार मुद्दे पुरतात: काय घडलं ते वेळेच्या क्रमाने, काय नीट झालं, काय अडलं (सक्शन चाललं नाही, योग्य मापाची ट्यूब सापडली नाही, बोलावणं उशिरा गेलं), आणि उद्या काय दुरुस्त करायचं आणि कुणी. अडलेल्या गोष्टी लिहून घ्या, कारण वर सांगितलेली टोचणी इथूनच कमी व्हायला लागते.

‘तुला कसं वाटतंय’ असं एकेकीला विचारत जाऊ नका. इथे बरेच जण दचकतात. मन मोकळं करण्यात वाईट काय? वाईट असतं ते जबरदस्तीचं आणि वेळेआधीचं मोकळं करणं. घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकदाच बसवून भावना बोलायला लावणाऱ्या बैठकांचा अभ्यास झालेला आहे. 2002 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) अशा एका बैठकीने पीटीएसडी टळतो असं आढळलं नाही, आणि काहींना उलट अपाय होण्याची शक्यता दिसली. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2018 मध्ये तर पीटीएसडी टाळण्यासाठी किंवा त्यावर उपचार म्हणून अशा बैठका घेऊच नका असं सांगितलं. ज्या सिस्टरने ते दृश्य पाहिलं नव्हतं तिला दुसरीच्या तोंडून सगळे तपशील ऐकावे लागतात, आणि जिला बोलायचं नसतं तिला ‘मीच दगड आहे का’ असं वाटू लागतं.

शेवटी इन्चार्जने तीनच वाक्यं बोलावीत. आपल्या वॉर्डांची बोली हिंदी आहे, तर हिंदीतच: ‘अभी कुछ बताना ज़रूरी नहीं है। दो-तीन हफ्ते नींद या मन गड़बड़ रहे तो वो आम बात है। मैं परसों फोन करूँगी।’ आणि परवा खरंच फोन करा.

ज्या सिस्टरला स्वतःहून बोलायचं असेल तिला अडवू नका. ठरवलेल्या जागी बसा आणि ऐका. सल्ले देऊ नका. ‘देवाची इच्छा’, ‘सुटलं बिचारं’, ‘तू तर किती केसेस पाहिल्यास’ ही वाक्यं गिळा.

टप्पा ४: घरी जाणं आणि पहिली रात्र

नाइट करून, त्यात अशी केस करून, स्कूटी चालवत पलासिया किंवा राजवाड्याच्या गर्दीतून एकटीने जाणं धोक्याचं आहे. कोण न्यायला येणार ते विचारा. कुणीच नसेल तर त्याच दिशेची दुसरी सिस्टर बघा, नाहीतर रिक्षा करून द्या.

> सावधान, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: झोपेच्या गोळ्या नकोत. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशी औषधं नर्सच्या हाताशी असतात आणि ‘आजच्या रात्रीपुरती अर्धी’ म्हणून सहज घेतली जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात आघाताच्या ताणावर आणि त्यातून आलेल्या निद्रानाशावर मोठ्यांना या गटातली औषधं देऊ नयेत. सवय लागते ती वेगळीच. आधीपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू असलेली औषधं मात्र अचानक बंद करायची नाहीत.

घरच्यांसाठी दोन ओळी, हव्या तर त्यांना वाचून दाखवा. ‘तुझं तर रोजचंच आहे’ हे वाक्य नको. ती मुलाला उगाच घट्ट धरून बसली, किंवा उलट त्याच्याजवळच गेली नाही, तर त्याचा अर्थ काढत बसू नका. जेवण वाढा, फोन सायलेंट करा, पाहुणे पुढच्या आठवड्यावर ढकला. सासूबाईंनी एक दिवस ओटा सांभाळला तर ती मोठी मदत होते.

टप्पा ५: पहिला महिना

या महिन्यात उपचार नाहीत, लक्ष ठेवायचं आहे. बहुतेक जणी या महिन्यात आपोआप सावरतात. त्यामुळे सगळ्यांना समुपदेशकाकडे पिटाळायची गरज नाही आणि कुणाला विसरूनही चालणार नाही.

प्रत्येकीसाठी एक जोडीदार ठरवा. तो इन्चार्ज नको, बरोबरीची हवी. इन्चार्जच्या हातात रजा आणि गोपनीय अहवाल असतात, तिच्याजवळ कुणी खरं बोलत नाही. जोडीदाराने साधारण तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवसाच्या आसपास आणि चौथ्या आठवड्यात विचारायचं. प्रश्न साधे: झोप कशी आहे? जेवतेस का? कामावर यायचं म्हटलं की पोटात गोळा येतो का? कुठली गोष्ट टाळावीशी वाटते का?

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हे चालतं: स्वप्नं पडणं, अचानक रडू येणं, घरी मायक्रोवेव्हची शिट्टी मॉनिटरच्या अलार्मसारखी वाटणं, चिडचिड होणं. दिवसागणिक कमी होत असेल तर थांबा.

ही लक्षणं मात्र नोंदवून ठेवा:

- त्या क्युबिकलमध्ये पाऊल टाकता न येणं, किंवा तिथली ड्युटी लागली की सिक लीव्ह.
- डोस पाच-पाच वेळा तपासणं, दुसरीने तपासल्यावरही हात थरथरणं. वरून ही काळजी दिसते आणि कौतुकही होतं, म्हणून ती सुटते.
- स्वतःच्या मुलाच्या साध्या तापाने घाबरून रात्रभर जागणं.
- ‘मीच उशीर केला’ हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा, चार्ट दाखवला तरी.
- सुन्नपणा. पुढचं मूल सिरियस झालं तरी चेहऱ्यावर काहीच न हलणं. रडणाऱ्या सिस्टरकडे सगळ्यांचं लक्ष जातं. हिच्याकडे जात नाही, आणि काळजी हिची जास्त.
- दारू किंवा गोळ्या.

रोस्टरमध्ये काय करायचं? इथे दोन टोकं होतात. एकीकडे काहीच बदल नाही, दुसरीकडे ‘तिला त्रास होतो’ म्हणून थेट ओपीडीत बदली. न विचारता केलेली बदली शिक्षेसारखी वाटते, आणि टाळण्याने भीती पक्की होत जाते. पहिल्या दोन-तीन ड्युट्या स्थिर पेशंट द्या. मग आयसीयूत एक पेशंट, जोडीला अनुभवी सिस्टर. मग नेहमीसारखं. प्रत्येक पायरीआधी तिला विचारा. ती ‘आज नको’ म्हणाली तर आज नको, पण दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

> तपासा: तुमच्या यादीत घटनेच्या वेळी असलेली मावशी आणि वॉर्डबॉय आहेत का? त्यांनाही जोडीदार मिळाला का?

टप्पा ६: चार आठवड्यांनंतरची चाळणी

महिना झाल्यावर, त्याआधी नाही, पाच प्रश्नांची छोटी चाचणी भरून घेता येते. तिचं नाव पीसी-पीटीएसडी-5. आधी घटना घडली होती का ते विचारतात, मग गेल्या महिनाभरातल्या पाच गोष्टी, हो किंवा नाही: दुःस्वप्नं किंवा नको असताना येणारे विचार, आठवण टाळण्याची धडपड, सतत सावध आणि दचकतं असणं, माणसांपासून आणि कामांपासून तुटल्यासारखं वाटणं, स्वतःला किंवा इतरांना दोष देणं. तीन किंवा जास्त ‘हो’ आले तर तज्ज्ञाकडे पाठवायचं. तज्ज्ञ गरजेप्रमाणे पीसीएल-5 ही वीस प्रश्नांची सविस्तर चाचणी घेतात. तिच्यात शून्य ते 80 गुण असतात आणि साधारण 31 ते 33 च्या पुढे पीटीएसडीची शक्यता धरून नीट तपासणी करतात.

चाचणीपेक्षा ती घेण्यातच जास्त चुका होतात:

- इन्चार्जने समोर बसून भरून घेणं. कागद द्या आणि बाजूला व्हा. तिने स्वतःच गुण मोजावेत, कागद तिनेच न्यावा.
- कागद सर्व्हिस फाइलमध्ये लावणं. कधीही नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 23 मानसिक आजाराच्या माहितीची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानतं. वॉर्डानेही तेच वळण ठेवावं.
- सगळे ‘नाही’ आले म्हणून फाइल बंद करणं. काहींमध्ये पूर्ण लक्षणं सहा महिन्यांनीही वर येतात. तिसऱ्या महिन्यात जोडीदाराने पुन्हा एकदा विचारावं.

टप्पा ७: कुठे पाठवायचं

इंदूरमधली सगळ्यात मोठी अडचण पत्त्याची नाही, ओळखीची आहे. स्वतःच्याच रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत रांगेत उभं राहिलं तर संध्याकाळपर्यंत हॉस्टेलला कळतं. म्हणून तीन वाटा सांगा आणि निवड तिच्यावर सोडा.

पहिली, 14416. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली, चोवीस तास चालते आणि भाषा निवडता येते, मराठीसुद्धा. नाइट संपवून सकाळी साडेआठला घरी पोचणारीला ओपीडीची वेळ साधत नाही, तिच्यासाठी ही सोयीची. दुसरी, सरकारी: बाणगंगेचं मानसिक चिकित्सालय, किंवा जिल्हा रुग्णालयातलं ‘मन कक्ष’. तिसरी, खासगी मानसोपचारतज्ज्ञ, शक्यतो आपल्या रुग्णालयाशी संबंध नसलेले.

पाठवताना काय अपेक्षा ठेवायची तेही सांगा, नाहीतर पहिल्या भेटीत ‘नुसत्या गप्पा मारल्या’ म्हणून ती परत जात नाही. पीटीएसडीसाठी आघातावर केंद्रित बोलण्याचे उपचार असतात: विचार आणि वागणुकीवर काम करणारी सीबीटी, किंवा डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर. सीबीटीच्या साधारण आठ ते बारा बैठका होतात. सुरुवातीच्या काही बैठकांत त्रास वाढल्यासारखा वाटतो, तिथेच बहुतेक जणी सोडून देतात. त्या आठवड्यांत नाइट लावू नका. काहींना सर्ट्रालिनसारखं औषध दिलं जातं. ते झोपेची गोळी नाही, त्याची सवय लागण्याची भीती नको, पण डॉक्टरांना न विचारता बंदही करायचं नाही.

> तातडीचं: ‘जगण्यात अर्थ नाही’, ‘मी गेले तर बरं’ असं काही ऐकलं तर महिन्याची वाट बघू नका, टप्पे विसरा. तिला एकटं सोडू नका, थेट विचारा (‘स्वतःला काही करून घ्यायचे विचार येतात का?’, विचारल्याने असे विचार रुजत नाहीत), औषधांच्या कपाटाची किल्ली गाजावाजा न करता दुसरीकडे द्या, घरच्यांना बोलवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. रात्र असेल तर कॅज्युअल्टी आणि 14416.

टप्पा ८: दमछाक असेल तर रोस्टर बघा

सहा सिस्टर दमल्या असतील तर बिघाड त्या सहांमध्ये नाही. त्यांना ध्यानाच्या शिबिराला पाठवून तेच रोस्टर हातात ठेवलं तर त्यांना राग येईल, आणि तो रास्त असेल.

एक महिना साध्या वहीत मोजा: दर शिफ्टला किती पेशंट आणि किती सिस्टर, किती डबल ड्युट्या, किती ऑफ रद्द झाले, सलग किती नाइट, आणि नर्सिंगशिवायची कामं किती वेळ खातात (इंडेंट म्हणजे सामानाची मागणी, लिनन मोजणी, लॅबचे रिपोर्ट आणणं, ऑनलाइन नोंदी). आयसीयूत एका पेशंटमागे एक सिस्टर हे प्रमाण कागदावर आहे. तुमच्या वहीतला आकडा त्याच्या शेजारी लिहा आणि मेट्रनमार्फत वर पाठवा. ‘स्टाफ थकला आहे’ या वाक्यावर कुणी सही करत नाही. ‘या महिन्यात अमुक इतक्या नाइटना चार व्हेंटिलेटरमागे दोन सिस्टर’ या वाक्यावर करावी लागते.

माणसं मिळेपर्यंत इन्चार्जच्या हातात असलेल्या गोष्टी: सलग नाइटची मर्यादा, नाइटनंतरचा ऑफ कुठल्याही कारणाने न तोडणं, जेवणाची वेळ नावानिशी लावणं, आणि सिरियस केसेस त्याच त्या ‘हुशार’ सिस्टरला न देणं. हुशार सिस्टर सगळ्यात आधी जाते, एकतर राजीनामा देऊन नाहीतर परदेशी.

टप्पा ९: रजेनंतर परत येणं

1. येण्याच्या आदल्या आठवड्यात एकदा, ड्युटीशिवाय, साध्या कपड्यांत वॉर्डात बोलवा. अर्धा तास, शांत वेळेला. तो बेड, तो अलार्म, तो वास पहिल्यांदा भेटताना तिच्या अंगावर जबाबदारी नको.

2. पहिला आठवडा मॉर्निंग शिफ्ट, जोडीदार सोबत. नाइट किमान दोन आठवडे नको.

3. कोड ब्लू (हृदय किंवा श्वास थांबल्याचं तातडीचं बोलावणं) झाला तर पहिल्या वेळी तिला नोंदी घेण्याचं काम द्या. ती टीममध्ये असते, हातात घड्याळ आणि पेन असतं. औषधं भरणं आणि छाती दाबणं त्यानंतर, ती स्वतः तयार असेल तेव्हा.

4. बाकीच्या स्टाफला काय सांगायचं ते तिलाच विचारा. ‘तब्येतीच्या कारणाने रजा’ एवढं पुरतं.

5. दगावलेल्या मुलाचे आई-वडील कधीकधी महिन्यांनी परत येतात. कागदासाठी, नाहीतर नुसतेच भेटायला, सिस्टरचं नाव घेऊन विचारत. तिला न विचारता आत पाठवू नका. ती भेटणार असेल तर जोडीला एकजण द्या, नसेल तर इन्चार्जने स्वतः भेटावं आणि ती आहे की नाही याबद्दल खोटं न बोलता ‘आज मीच भेटते’ एवढंच म्हणावं.

6. पुढची तारीख लावा: महिन्याने जोडीदाराशी बोलणं, तीन महिन्यांनी पुन्हा पाच प्रश्न, तिची तयारी असेल तर. तारीख रोस्टरच्या कागदावर नको, जोडीदाराच्या मोबाइलमध्ये.